टिटवीची पाच उड्डाणं

"अनघा, जशी असशील तशी ये. आमच्याकडे चोरी झालीय."

फोनवर इंदिराबाईंचा आवाज कापत होता. ज्या बाईंनी सातवीच्या वर्गातल्या चाळीस पोरींना, त्यात अनघाही आली, नुसत्या नजरेने गप्प केलं, त्यांचा आवाज कापतो म्हणजे काहीतरी मोठं गेलं असणार. दागिने तरी, नाहीतर निदान गॅसचं सिलिंडर, असं अनघा केदारीला वाटलं.

"काय गेलं, बाई?"

"ह्यांच्या कॉम्प्युटरमधली डिस्क."

"आणि?"

"आणि काही नाही. तेवढीच."

अनघाने चहाचा कप तसाच ठेवला. ती विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या आणि चोरीला गेलेल्या गाड्यांची पाहणी करायची. खंडाळ्याच्या घाटात ठेचलेली बोनेटं आणि त्यांच्यामागे उभे राहून साळसूदपणे खोटं बोलणारे मालक बघण्यात तिची वीस वर्षं गेली होती. त्यातून तिला एक खोड लागली होती. काय गेलं यापेक्षा मागे काय राहिलं, हे ती आधी बघायची.

शनिवारची सकाळ होती, सव्वानऊ वाजले होते. वीस मिनिटांत तिची स्कूटर वलवणला ओगल्यांच्या दारात उभी होती.

स्वयंपाकघरात शालूबाई ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या. पन्नाशीच्या, अंगाने काटक, ओगल्यांकडे अकरा वर्षं धुणीभांडी आणि पोळ्या करणाऱ्या. त्यांची नायलॉनची पिशवी समोर उलटी केलेली होती. जेवणाचा डबा, छत्री, गोळ्यांची पट्टी, सुटे पैसे आणि मिश्रीची एक डबी. त्या डबीवर शालूबाईंनी पदर टाकायचा प्रयत्न केला होता, पण तो पुरला नव्हता.

"ही पिशवी कुणी उलटी केली?" अनघाने विचारलं.

"मी," इंदिराबाई म्हणाल्या. त्यांनी अनघाकडे बघितलं नाही. "मला काही सुचेना गं."

अनघा त्यांना मनातल्या मनात बोल लावणार होती, पण तिला स्वतःचीच लाज वाटली. दारातून आत येताना तिचीही नजर पहिल्यांदा शालूबाईंच्या पिशवीकडेच गेली होती. कुणी काही सांगायच्या आत.

मागची खोली माधवरावांची. माधवराव ओगले, वय एकाहत्तर, रेल्वेतून निवृत्त इंजिन ड्रायव्हर. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारी इंजिनं त्यांनी चौतीस वर्षं चालवली. निवृत्तीनंतर त्यांना घरबसल्या विमान उडवायचा नाद लागला. खोलीत तीन पडदे, विमानातल्यासारखी दांडी, पायाशी पेडलं, आणि मधोमध बसमधून काढून आणलेली एक खुर्ची होती.

"म्हणजे हा खेळ ना, काका?" अनघाने विचारलं.

"खेळ नाही," माधवराव दुखावल्यासारखे म्हणाले. "यात खऱ्यासारखं आकाश आहे, वारा आहे, धावपट्ट्या आहेत. विमानं मात्र निरनिराळे लोक आपापल्या घरी बनवतात आणि विकायला ठेवतात. ते विमान घेण्याजोगं आहे की नाही, हे मी उडवून बघतो आणि लिहितो. हजारो लोक वाचतात."

एवढं बोलताना त्यांचा कणा आपोआप ताठ झाला. वाचणारे लोक त्यांना 'कॅप्टन' म्हणत. आपण आयुष्यात खऱ्या विमानाच्या चाकालाही हात लावलेला नाही, याबद्दल माधवरावांनी कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. खरंही सांगितलं नव्हतं.

"आणि डिस्क नेमकी आजच गेली?"

"आजच. म्हणून तर." ते खुर्चीत बसले. "तुला टिटवी माहीत नसेल."

टिटवी हे विमानाचं नाव होतं. जुन्या फ्लाइंग क्लबांमधल्या दोन आसनी विमानांवरून बेतलेलं. बनवणारा समर्थ बधाले, वय सव्वीस, नवलाख उंबरे गावचा. तळेगावच्या कारखान्यात पाळी करायची आणि उरलेल्या वेळात टिटवीचा एकेक स्क्रू पडद्यावर घडवायचा, असं त्याने तीन वर्षं केलं. हा समर्थ शालूबाईंच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. विमान बघा म्हणून माधवरावांना गळ घातली ती शालूबाईंनीच.

माधवरावांनी गेल्या रविवारी लिहिलं. अनघाने ते फोनवर उघडून वाचलं.

'पहिलं उड्डाण ठीक. दुसऱ्यात एक तास दहा मिनिटांनी इंजिन बंद. तिसऱ्यात पस्तीस मिनिटांनी. चौथ्यात अकरा मिनिटांनी. पाचव्यात तर धावपट्टी सोडायच्या आत. बनवणाऱ्याने हे विमान स्वतः कधी उडवून तरी पाहिलं आहे का? अशा निष्काळजी माणसाने या वाटेला जाऊ नये.'

त्याखाली लोकांनी समर्थची यथेच्छ टर उडवली होती. समर्थने तिथे एकच गोष्ट लिहिली होती, 'सर, आपण माहितीपुस्तिका वाचलीत का?' त्यावर सोमवारी माधवरावांचं उत्तर होतं, 'पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. इंजिन मला शिकवू नका.' मग समर्थने विनंती केली, एकदा मला तुमच्या मशीनवर बघू द्या. वाचकांनीही आग्रह धरला. माधवरावांना हो म्हणावं लागलं. आज चारला तो येणार होता. माझी चूक निघाली तर टिटवी आजच काढून टाकतो, पुन्हा विमान करणार नाही, असं त्याने सगळ्यांसमोर लिहून ठेवलं होतं.

"आता डिस्कच नाही म्हटल्यावर काय बघणार?" माधवराव म्हणाले. "ज्याला नको होतं बघायला, त्याने सोय केली."

"म्हणजे समर्थने?"

"मी कुणाचं नाव घेत नाही."

"तुम्ही शेवटचं कधी बघितलंत?"

"सकाळी सहाला चालू करून बघितलं. सगळं ठीक होतं. साडेसहाला धरणावर फिरायला गेलो. आठला परत आलो. साडेआठला बटण दाबलं तर डिस्क नाही. आणि ही जाळी बघ."

खिडकीची डासांची जाळी वितभर कापलेली होती. ती वेल्क्रोने चौकटीला चिकटवलेली होती, घरोघरी असते तशी.

"घरात कोण होतं?"

"ही काल तळेगावला बहिणीकडे गेली होती, नऊला आली. शालूबाई साडेसातला आल्या. त्यांच्याकडे किल्ली असते."

"पोलिसांना कळवलंत?"

"नको!" माधवराव एकदम उठले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोलीस नकोत. बाईमाणूस, अकरा वर्षं घरातलं. पोरगंही लहान आहे. मी माफ केलं त्यांना. चारची भेट रद्द करू आणि विषय मिटवू. हिने उगीच तुला बोलावलं."

दारात इंदिराबाईंचे डोळे भरून आले. नवऱ्याचं मन एवढं मोठं आणि आपण पिशवी उलटी केली, या विचाराने त्या आणखीच खजील झाल्या.

चोरीला गेलेली गाडी शोधू नका म्हणणारे मालक अनघाने बरेच पाहिले होते.

तिने घराला बाहेरून वळसा घातला. पाऊस सरून पंधरवडा झाला होता, पण घराच्या मागच्या बाजूला ऊन येत नव्हतं. खिडकीखाली भिंतीपासून कुंपणापर्यंत हिरवंगार शेवाळ होतं. अनघाने त्यावर चप्पल टेकवली. लगेच काळा ठसा उमटला. आजूबाजूला तिच्या ठशाशिवाय एकही ठसा नव्हता.

आत येऊन तिने कॉम्प्युटरच्या डब्याकडे बघितलं.

"काका, हा उघडाल?"

माधवरावांनी ड्रॉवर ओढला. पेचकस आपल्या खाचेत होता. त्यांनी चार स्क्रू काढले. घट्ट बसलेले होते, जोर लावावा लागला. आत दोन डिस्कच्या जागा होत्या. एक रिकामी.

"ही राहिलेली कसली?"

"घरचे फोटो, कागदपत्रं."

"आणि गेलेली?"

"विमानांची. फक्त विमानांची."

"दोन्ही दिसायला सारख्याच?"

"हो, एकाच जातीच्या."

अनघाने मान डोलावली आणि स्वयंपाकघरात जाऊन शालूबाईंच्या शेजारी खालीच बसली.

"मावशी, किती वाजता आलात?"

"साडेसातला. किल्लीनं उगाडलं. भाऊ फिराया गेलते."

"मागच्या खोलीत गेलात?"

"न्हाई ताई. तितं झाडायचं आसलं की भाऊ सोता उबं ऱ्हात्यात. वायरीला हात लागंल म्हून."

"डिस्क कशी असते, बघितलीय कधी?"

"न्हाई. पन आता समद्या वलवणला ठावं व्हईल, शालूनं ती चोरली." त्यांनी मिश्रीची डबी मुठीत घेतली. "मीच म्हनलं हुतं भाऊंना, माज्या भाच्यानं इमान केलंय, जरा बघा. पोरगं नको म्हनत हुतं. मला लय हौस. आता त्याला कारखान्यात कँटीनमंदी पोरं इंजिन बंद पडल्याचा आवाज काडून दावत्यात. भनीला त्वांड दावायची सोय न्हाई ऱ्हायली."

"समर्थ आज कुठे आहे?"

"पैल्या पाळीला. सातला गेटावर कार्ड टेकवलं आसंल त्यानं. तितनं सरळ हितंच येनार."

साडेअकराला, जेवणाच्या सुट्टीत, समर्थचा फोन लागला. अनघाने त्याला डिस्क गेल्याचं सांगितलं.

"समर्थ, तुला आज काय बघायचं होतं?"

"एक फाईल, ताई. टिटवी प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवते. उडवणाऱ्यानं काय केलं, काय नाही केलं, तारीखवार. पुस्तिकेतही तसं लिहिलंय."

"ही फाईल सरांना पुसता आली असती?"

"कुठं ठेवलीय ते फक्त मला माहितीय. आणि पुसली तरी मी परत काढली असती. आता लोक म्हणणार, मावशीकडून मीच गायब केली. बरोबर ना?"

"फाईल नाही मिळाली तर काय करशील?"

"काढून टाकणार टिटवी. शब्द दिलाय सगळ्यांसमोर. आईला सांगितलंय, परत या भानगडीत पडणार नाही." मग त्याने विचारलं, "ताई, मावशीला कोणी काही बोललं नाही ना?"

अनघाने चारला नक्की ये, एवढंच सांगून फोन ठेवला.

दुपारी इंदिराबाईंनी तिला जेवायला वाढलं. शालूबाई जेवल्या नाहीत. जेवण झाल्यावर माधवराव पडले होते तेव्हा अनघा त्यांच्या पुस्तकांच्या फळीपाशी गेली. स्पायरल बाइंडिंग केलेली तीसेक पुस्तकं ओळीने लावलेली होती. प्रत्येक विमानाची माहितीपुस्तिका, बहुतेक परदेशी. तिने चारपाच चाळली. प्रत्येक पानावर पेन्सिलीची बारीक खूण, समासात शेरे, शेवटच्या पानावर वाचून संपल्याची तारीख. माणूस मोठा शिस्तीचा होता, यात शंका नव्हती.

शेवटची वही टिटवीची. एक्याऐंशी पानं. खुणा नाहीत, शेरे नाहीत, शेवटी तारीख नाही. फक्त एक्केचाळिसाव्या पानावर एका परिच्छेदाखाली पेन्सिलीची रेघ होती. एवढ्या जोराने ओढलेली की कागद फाटला होता.

अनघाने तो परिच्छेद दोनदा वाचला.

"बाई," तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "ही सगळी पुस्तकं छापून कोण आणतं?"

"मीच की. हे पेनड्राइव्ह देतात, मी बाजारात गेले की झेरॉक्सवाल्याकडून आणते. ही शेवटची आत्ता मंगळवारी आणली. इतकी घाई केली ह्यांनी, भाजी न घेताच परत आले मी. का गं?"

"काही नाही. सुरेख बांधलीय," अनघा म्हणाली.

चारला पाच मिनिटं कमी असताना समर्थ आला. कारखान्याचा निळा गणवेश अंगात, जेवणाचा डबा खांद्याला. उंबऱ्यात त्याने मावशीकडे बघितलं आणि मान खाली घातली. जणू चोरी त्यानेच केली होती.

"बसा सगळे," मागच्या खोलीत आल्यावर अनघा म्हणाली. "मावशी, तुम्हीही. खाली नाही, खुर्चीवर."

शालूबाई खुर्चीच्या कडेला टेकल्या.

"अनघा, मी सकाळीच म्हटलं, मी माफ केलंय," माधवराव म्हणाले.

"काका, माफीचं मागाहून बघू. आधी चोर कुठून आला ते पाहू. खिडकीतून नाही आला. खाली शेवाळ आहे, मांजर चाललं तरी ठसा उमटेल. आणि वेल्क्रोची जाळी बाहेरून नुसती ढकलली तरी सुटते, कापायचं कारण नाही. ती कापली कारण कापलेली दिसायला हवी होती."

"मग किल्लीवाला माणूस," माधवराव पुटपुटले.

"मलाही तसंच वाटेल, अशी व्यवस्था होती. साडेसात ते आठ मावशी एकट्या. पण डबा उघडून दोन सारख्या डिस्कमधून विमानांचीच नेमकी उचलायची, फोटोंची ठेवायची. मावशींना कसं कळणार? समर्थला कळलं असतं, पण तो सातपासून कारखान्यात. आणि त्याने ही खोली कधी बघितलेलीच नाही. पेचकस कुठे असतो तेही त्याला ठाऊक नाही. चोराने पेचकस परत खाचेत ठेवला, काका. चारही स्क्रू परत बसवले, घट्ट पिळून. पळून जाणारा माणूस स्क्रू बसवत नाही. ते ज्याच्या हाताच्या सवयीचं असतं तोच बसवतो."

माधवरावांनी हात मांडीखाली घेतले.

इंदिराबाई म्हणाल्या, "अनघा, तू काय बोलतेयस तुला कळतंय का?"

"कळतंय, बाई. मला कारण कळत नव्हतं, ते तुम्ही सांगितलंत. काकांनी रविवारी टिटवीला नापास केलं. सोमवारी लिहिलं की पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. आणि ती छापून आणली तुम्ही मंगळवारी."

इंदिराबाईंचा हात तोंडाशी गेला.

"आता ती पाच उड्डाणं." अनघाने फोन उघडला. "पहिलं ठीक. मग सत्तर मिनिटं, पस्तीस, अकरा, शेवटी शून्य. विमान बनवण्यातच चूक असती तर इंजिन दर वेळी एकाच ठिकाणी बंद पडलं असतं. हे दर वेळी आधीपेक्षा लवकर मरतंय. अशी इंजिनं मी घाटात पुष्कळ बघितलीत. आतलं तेल संपलेलं असतं आणि मालक तशीच दामटत असतो. समर्थ, एक्केचाळिसाव्या पानावर काय आहे?"

समर्थने वहीकडे बघितलंही नाही. "टिटवी उड्डाण संपल्यावर विसरत नाही. तेल जळतं ते जळतंच. झीज होते ती पुढच्या वेळीही राहते. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारा, तेलाचं झाकण उघडा, कमी असेल तर भरा." त्याने वहीवर हात ठेवला. "दुसरी विमानं दर वेळी नवीकोरी होऊन येतात. मला खरं विमान करायचं होतं, ताई. तेच करायला तीन वर्षं लागली."

"आणि काकांनी?"

"फेरी मारलीच नसणार. थेट धावपट्टीवर, इंजिन चालू करून सुरुवात करता येते. वेळ वाचतो. समीक्षा लिहिणारे पुष्कळ जण तसंच करतात."

सगळे माधवरावांकडे बघत होते. ते जमिनीकडे बघत होते.

"मंगळवारी तुम्ही ते पान वाचलंत," अनघा म्हणाली. "तेव्हाच चूक कबूल केली असती तर दोन ओळींत भागलं असतं. पण सोमवारी तुम्ही हजारो लोकांसमोर खोटं बोलून बसला होतात, आणि समर्थची फाईल तारीखवार सांगणार होती की झाकण एकदाही उघडलेलं नाही. आज बाई घरी नव्हत्या. फिरायला जायच्या आधी तुम्ही डिस्क काढलीत, जाळी कापलीत. डिस्क कुठे आहे, काका? फेकलेली नाही, एवढं नक्की. स्क्रू परत बसवणाऱ्या माणसाला वस्तू फेकवत नाही."

माधवराव उठले. पलंगाखालून त्यांनी ड्युटीवर न्यायची जुनी लोखंडी पेटी ओढली. फडक्यात गुंडाळलेली डिस्क समर्थच्या हातात देताना ते म्हणाले, "चौतीस वर्षांत शेडमधून इंजिन काढताना फेरी मारली नाही, असा एक दिवस नाही."

"मग इथेच का नाही मारली?" समर्थने विचारलं.

माधवरावांनी पेटीचं झाकण लावलं.

"कुणी परदेशी कंपनीने केलं असतं तर पुस्तिका आधी छापली असती. वाटलं, शालूबाईंचा भाचा... तो काय एवढं करणार? त्यात काय वाचायचं?"

शालूबाईंनी मान वळवली. समर्थच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इंदिराबाईंना तिथे बसवेना, पण उठायलाही त्यांना लाज वाटत होती.

समर्थने डिस्क बसवली, फाईल उघडली. पाच उड्डाणं, पाच तारखा. तेलाचं झाकण उघडलं, शून्य वेळा. मग त्याने टिटवी पडद्यावर आणली, भोवती फेरी मारली, इंजिन नवं करून तेल भरलं. खोलीत इंजिनाचा एकसारखा, दमदार आवाज घुमू लागला.

"लिहितो," माधवराव म्हणाले. "आत्ताच लिहितो."

त्यांनी लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. पुस्तिका न वाचताच निकाल दिला, वाचल्याचं खोटं सांगितलं, टिटवीत दोष नाही, दोष माझा आहे, समर्थ बधाले यांची जाहीर माफी मागतो. त्यांनी ते वाचून दाखवलं आणि बटण दाबलं.

दोन मिनिटांत फोन वाजायला लागला. उत्तरांवर उत्तरं येत होती. 'कॅप्टन, सलाम!' 'चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतं.' 'असा प्रामाणिक माणूस या क्षेत्रात दुसरा नाही.' दहा मिनिटांत इतकं कौतुक झालं, जितकं त्यांच्या कुठल्याही लेखाचं झालं नव्हतं. टिटवीबद्दल मात्र एकानेच विचारलं होतं, आणि तेही किंमत कमी होणार का म्हणून.

माधवरावांच्या चेहऱ्यावर जरासा रंग परत आला. स्वतःलाही कळायच्या आत त्यांनी फोन इंदिराबाईंकडे वळवला. "बघ, लोक काय म्हणतायत."

इंदिराबाईंनी बघितलं नाही. "चोरीचं लिहिलंत?" त्यांनी विचारलं.

"अगं, ते घरातलं आहे. त्याचा टिटवीशी काय..."

"मी शालूबाईंची पिशवी उलटी केली. तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभे होतात. बघत होतात. डिस्क तुमच्या पेटीत होती." त्या वर्गात बोलायच्या त्या आवाजात बोलत होत्या, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ते कोण लिहिणार? मी?"

फोन टेबलावर वाजतच राहिला. माधवरावांनी तो उपडा ठेवला आणि पुन्हा कीबोर्ड ओढला. आता त्यांना एकेक अक्षर जड जात होतं. ते लिहीत होते आणि पुटपुटत होते.

"'आज सकाळी मी माझ्याच घरात चोरीचा बनाव केला. आळ समर्थवर आणि आमच्याकडे काम करणाऱ्या...'"

ते थांबले. त्यांनी मान वर केली, खाली घातली, पुन्हा वर केली.

"शालूबाई, तुमचं पूर्ण नाव काय?"

अकरा वर्षं त्या रोज साडेसातला या घरात येत होत्या. इंदिराबाईंनी हे नाव सांगण्यासाठी ओठ उघडले, आणि ते आपल्यालाही माहीत नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

शालूबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"शालन दत्तोबा येवले," त्या म्हणाल्या. "समदं लिवा. आन् चोरी केली न्हाई, त्ये आदी लिवा."

माधवरावांनी लिहिलं.

"वाचा आता."

"'शालन दत्तोबा येवले यांनी चोरी केली नाही,'" माधवराव वाचू लागले, आणि पुढचं वाक्य त्यांना वाचता येईना. समर्थने पुढे होऊन ते वाचायला घेतलं, तसा शालूबाईंनी हात आडवा घातला.

"तू नगं," त्या म्हणाल्या. "त्येंनीच वाचायचं."